खाली बसवून बघा

लेकरू बरं झालं की नाही, हे कशावरून ठरवायचं? एक्स-रेच्या फिल्मवरून, की लेकरावरून?

माझ्या राणूला दवाखान्यात नुसत्या चड्डीवर उभं केलं होतं. पाच वर्षांची पोर. भोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, मोबाईल तिच्याकडे रोखलेले. जन्मतःच तिच्या खुब्याचा सांधा जागेवर नव्हता. दोन वर्षांची असताना ऑपरेशन झालं, कमरेपासून खाली प्लास्टर. ते कितपत साधलं, हे त्या दिवशी ठरणार होतं.

मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "एक्सलंट." घोळक्याने माना डोलावल्या. राणूकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

निकाल उत्तम, म्हणजे पायाच्या व्यायामाला दवाखान्यात बोलावणं बंद. पाय आहे तसाच राहणार.

मी म्हणाले, "साहेब, तिला मांडी घालता येत नाही. उकिडवंही बसता येत नाही."

"घेर खुरशी राखो ने, बेन," मोठे डॉक्टर म्हणाले. घरी खुर्ची ठेवा म्हणे.

सगळे हसले. एक जण म्हणाला, "ये खानदेशवाले जमीन छोड़ते ही नहीं."

हो, नाही सोडत. गाव सोडून इथे आलो, तरी नवागाम वस्तीतल्या आमच्या खोलीत सगळं जमिनीवरच. साड्यांना लेस मी खाली बसून लावते. जेवण खाली. संडासात उकिडवंच बसावं लागतं. अंगणवाडीत पोरं गोल करून बसतात आणि राणू भिंतीला टेकून, एक पाय लांब करून. पोरं तिचा पाय ओलांडून जातात. लंगडी म्हणतात. यात हसण्यासारखं काय आहे?

"फोटो लो," डॉक्टर घोळक्याला म्हणाले. ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून दाखवायला.

मी राणूच्या अंगात फ्रॉक घातला. ओढणी फरशीवर अंथरली. "बस, राणू. मांडी घाल."

ती बसली. डावा गुडघा वरच राहिला. तिने तो दोन्ही हातांनी दाबला. "माय, पाय दुखस."

हसणं थांबलं.

"आधी हे लिहा," मी म्हणाले. "मग फोटोचं बघू."

त्यांनी लिहिलं. आई सहकार्य करत नाही.

बरोबर लिहिलं. नाहीच करणार. सांधा त्यांनी जागेवर बसवला, ते मी विसरलेले नाही. पण अर्ध्या कामावर माझ्या लेकीचा फोटो लावून ते पुरं म्हणून मिरवू देणार नाही.

मंगळवारी, त्यांच्या तपासणीच्या दिवशी, मी परत जातेय. चटई घेऊन. तुमच्या लेकराचंही असं ऑपरेशन झालं असेल, तर तपासणीला जाताना चटई न्या. फिल्म बघून झाली की लेकराला तिथेच, डॉक्टरांसमोर, खाली बसवा. ते वाकून बघेपर्यंत उठू नका.