तिच्या नावाच्या गोळ्या

त्या संध्याकाळी आम्ही नवराबायको भुट्टे किसत होतो. म्हणजे किसत ती होती, मी नुसते सोलून देत होतो. "केस नीट काढा हो, दातांत येतात," म्हणाली. मग चूल पेटवायला उठली आणि मोरीच्या दाराशी मटकन बसली. लुगडं रक्तानं भिजलेलं. टांगा दारात येईपर्यंत सगळं संपलं.

लोक म्हणतात, वय झालं होतं. खाक वय! थोडी त्या डॉक्टरनबाईनं मारली, बाकी मी.

खरा आजारी मी. लघवी अडायची, कंबर रात्रंदिवस ठणकायची. राजे गेले, संस्थान जाऊन मध्य भारत झालं, त्या सुमाराची गोष्ट. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, लघवीच्या पिशवीखालच्या गाठीत कॅन्सर आहे. पुरुषाच्या अंगातल्या रसावर पोसतो. एक तर अंडकोष काढून टाकू, नाही तर बायकांना देतात ती गोळी रोज घ्या, रोग उपाशी पडेल. कापायला मी साफ नाही म्हटलं. दवाखान्यातून दिलेल्या पहिल्या गोळ्यांनी पंधरा दिवसांत जिना चढायला लागलो, पण छाती बाईसारखी सुजली. आमचं घराणं होळकरांच्या फौजेतलं. जुन्या इंदुरात मिशीला पीळ देऊन फिरणारा मी. दुकानात कोणत्या तोंडानं ती गोळी मागू?

तीच म्हणाली, "माझ्या म्हणून आणते." आणायला लागली. दुकानावर शेजारीण हसली, "क्यों काकीजी, या वयात पाळणा बांधताय का?"

"बांधते की. झोका द्यायला तूच ये."

घरी येऊन तिनं मला सांगितलं. मी पोट धरून हसलो. लाज नाही वाटली.

पुढे तिलाच अंगावरून जायला लागलं. पाळी जाऊन जमाना झाला होता. डॉक्टरनबाईनं विचारलं, काही औषध चालू आहे का? सोबत आलेली ती शेजारीणच बोलली, गोळ्या घेतात ना! ही गप्प. "मग त्याचंच रक्त आहे. गोळ्या बंद करा, थांबेल." झालं. हात लावून तपासलं सुद्धा नाही. मी पडद्याबाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होतो.

घरी आल्यावर म्हटलं, "जाऊन सांगून टाकू?"

"राहू द्या. गल्लीतले काय काय बोलतील तुम्हाला. थांबेल आपोआप."

जन्मभर तिचं काही ऐकलं नाही, हे मात्र बरं ऐकलं! महिनाभर ती फडकी धूत राहिली आणि मी गोळ्या गिळत राहिलो.

तिला जाळून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतक असताना, कोणाला न विचारता त्या डॉक्टरनबाईच्या दवाखान्यात गेलो. बायकांची रांग होती. तशीच ओलांडून पडद्याआत घुसलो. "अरे काकाजी, बाहर! लेडीज हैं!" कंपाउंडर ओरडला.

मी सदरा काढला. म्हटलं, "बाई, गोळ्या मी खात होतो. ती नाही. हे बघा. आता या पुढच्या बाईला आधी हात लावून तपासा, मग बोला."