लेकीचं प्रीनप आणि माझा गोंधळ

मंडळी, दुपारपासून मला काही सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आमची सई इथे परदेशात, स्टॅनमोरलाच वाढली. सप्टेंबरमध्ये तिचं डॅनियलशी लग्न आहे. आज जेवताना म्हणाली, "मी आणि डॅनियल प्रीनप करतोय, लग्नाआधीचा करार. वेगळं व्हायची वेळ आलीच तर कुणाचं काय, ते आत्ताच ठरवायचं. आणि कोर्टाच्या आधी मीडिएटरकडे जायचं."

हे भडकलेच. "अक्षता पडायच्या आधीच घटस्फोटाची तयारी?"

"बाबा, आत्ता प्रेम आहे, म्हणून फेअर बोलता येतं. भांडण झाल्यावर कोण फेअर असतं?"

मी यांचीच बाजू घेणार होते, तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "आई, बाबांना इथे हॉस्पिटलमध्ये जॉब मिळाला, तेव्हा तू पुण्यातलं कॉलेजचं शिकवणं सोडलंस. तुला काय हवंय, हे कुणी विचारलं होतं?"

मग हे हळूच म्हणाले, "खरंच, काय हवं होतं गं तुला?"

मी उठून ताटं उचलायला लागले. लेकीचा राग आला, रडू आलं आणि कुठेतरी बरंही वाटलं.

लग्नाआधी असलं बोलणं म्हणजे अपशकुन की शहाणपण, मला खरंच कळत नाहीये. तुम्हाला काय हवंय, हे कुणी विचारलं होतं का?