भावोजींची भाषा

तिला घरात सगळे धाकटी म्हणत आणि ऑफिसात मॅडम. दोन्ही नावं एकाच माणसामुळे पडली होती. तिचे मोठे दीर एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होते. तिची मुलं शाळेत जायला लागली तेव्हा "घरात बसून डोकं गंजवू नकोस" म्हणत त्यांनीच तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, जावा ही भाषा अ-आ-इ-ईपासून शिकवली आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "इथे मी सर, तू मॅडम. घरातलं ऑफिसात आणायचं नाही आणि ऑफिसातलं घरी न्यायचं नाही."

हा नियम दोघांनी इतका पाळला, की रोज सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जाताना एक शब्द बोलणं होत नसे. स्कूटर कोणाच्या हद्दीत येते, हे कधी ठरलंच नव्हतं.

कंपनीचं काम ॲम्ब्युलन्सचं होतं. आसपासच्या लहान गावांतल्या दवाखान्यात फोन आला की तिथला ऑपरेटर पत्ता टाकून बटण दाबायचा आणि सगळ्यात जवळची मोकळी ॲम्ब्युलन्स कुठे आहे, ड्रायव्हरचा फोन काय, हे पडद्यावर यायचं. हा प्रोग्रॅम भावोजींनी लिहिलेला होता, आणि तो ऑफिसच्या मागच्या अरुंद खोलीतल्या सर्व्हरवर चालायचा. त्या खोलीला एसी होता, माणसांना पंखे होते. भावोजी आल्या आल्या बॅग खांद्यावर तशीच ठेवून आधी तिथे जात, डोकं तिरकं करून सर्व्हरचा आवाज ऐकत, मग आपल्या जागेवर येत. घरी जाऊबाई म्हणायच्या, "माझा ताप कधी हात लावून बघितला नाही, त्या डबड्याचा रोज बघतात."

मग एका दुपारी तो एसी बंद पडला, सर्व्हर तापून थांबला आणि अर्धा तास ऑपरेटर वहीत बघून ड्रायव्हरांना फोन लावत बसले. कोणाचं वाईट झालं नाही, पण मालकांनी धसका घेतला. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी धाकटीला एकटीला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, आपण सर्व्हरलेस व्हायचं. तुम्ही त्याचा कोर्स केलाय ना? मग भाषा कुठली, क्लाऊड कुठला, ते तुम्हीच निवडा. चाचण्या घ्या, रिपोर्ट द्या. तुम्ही म्हणाल ती पूर्व."

"सरांना विचारून करते."

"रिपोर्टवर त्यांची सही घ्याच." मालक टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "एक आहे. ज्या भाषेत काम, त्याच भाषेची माणसं ठेवायची असं माझ्या मनात आहे. दोन-दोन संसार आता परवडत नाहीत. जावा राहिली तर सर राहतील, प्रश्नच नाही. नाही राहिली, तर घरातल्याच माणसाने सांगितलेलं बरं, नाही का?"

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. खांदा इतक्या गोड बोलून मागितलेला पहिल्यांदाच पाहिला.

सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नसतो असं नाही. तो आपला नसतो, एवढंच. कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या हजारो यंत्रांवर, म्हणजेच क्लाऊडवर, आपल्या प्रोग्रॅमचा एक तुकडा ठेवायचा. तो एरवी झोपलेला असतो. कोणी बटण दाबलं की उठतो, काम करतो, थोडा वेळ वाट बघतो आणि पुन्हा झोपतो. जागा असेल तेवढ्या वेळाचंच भाडं. घोळ एकच, की झोपेतून उठायला वेळ लागतो, आणि प्रत्येक भाषेची उठायची तऱ्हा निराळी. पायथॉन, जावास्क्रिप्ट या टुणकन उठतात. भावोजींचा जावातला प्रोग्रॅम पडला भरल्या संसाराचा. तो आधी अंथरूण आवरणार, चष्मा शोधणार, मग 'कोण आहे' विचारणार.

क्लाऊडबद्दल ऑफिसात पुष्कळ वाद झाले. ॲमेझॉनचा घ्यावा, मायक्रोसॉफ्टचा की गूगलचा. कोणाचं सेंटर आपल्याला जवळ, कोणाची माहिती वाचायला सोपी, उद्या बिऱ्हाड हलवायचं झालं तर कुठून हलवणं सोपं. एक जण तर दुसऱ्याशी दोन दिवस बोलला नाही. क्लाऊडच्या निवडीवर कोणाचंच घर अवलंबून नव्हतं, म्हणून भांडायला सगळे मोकळे होते. भाषेबद्दल मात्र कोणी तोंड उघडलं नाही. ती येताना दिसली की माणसं एकदम पडद्याकडे बघत. ऑफिसात गोष्टी भिंतींना आधी कळतात.

घरी तर त्याहून आधी. संध्याकाळी जाऊबाई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "काहीतरी निवडायचं काम तुझ्याकडे आलंय म्हणे."

"कोणी सांगितलं, ताई?"

"मला कोण सांगणार. झोपेत बडबडतात." त्यांनी उशीचा अभ्रा झटकला. "निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत त्यांच्या. माणूस वेळेआधी घरात बसला की भिंतींनासुद्धा जड होतो, धाकटे. माझ्या वडिलांना मी पाहिलंय. दिवसभर घड्याळाला किल्ली देत बसायचे. शेवटी घड्याळ मोडलं."

धाकटीने एक चादर उचलली आणि दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. दोघींनी ती ताणून धरली. बोलणं तिथेच संपलं, पण चादर बराच वेळ ताणलेली राहिली.

नवऱ्याला सांगितलं तर तो वर्तमानपत्रातून म्हणाला, "तू कशाला मध्ये पडतेस?"

"पडले कुठे? मला मध्येच नेऊन बसवलंय."

"मग जावा म्हण आणि मोकळी हो."

इतकं ते सोपं असतं तर मालकांनी स्वतःच केलं असतं.

तिने चाचण्या लावल्या. तेच काम दोन भाषांत लिहिलं, क्लाऊडवर चढवलं आणि बटण दाबत गेली. एकदा, पुन्हा, पुन्हा. आकडे आले तसे तिच्या मानेवरचं ओझं उतरत गेलं. जावा पायथॉनच्या बरोबरीने येत होती, कधी तर पुढे. सुंठीवाचून खोकला गेला. त्या दिवशी घरी जाताना स्कूटरवर ती गुणगुणली, तेव्हा भावोजींनी आरशातून एकदा मागे पाहिलं, पण नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी आल्यावर तिने सहज म्हणून पहिलं बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. पाणी प्यायला उचललेला ग्लास तिने तसाच खाली ठेवला. पाच-सहा सेकंदांनी उत्तर आलं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर चुटकीसरशी.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. काल ती पाठोपाठ बटणं दाबत होती. जावाला तिने झोपूच दिलं नव्हतं. जागं माणूस हाकेला लगेच ओ देतंच. नवशिक्याला शोभेल अशी चूक, आणि नेमकी या धंद्यातल्या माणसाकडूनच होणारी. गर्दीच्या दुकानात ती खपूनही गेली असती, कारण तिथे प्रोग्रॅमला झोपायला फुरसत नसते. पण लहान गावात ॲम्ब्युलन्सला फोन येतो तासा-दोन तासांनी एखादा. इथे प्रत्येक फोन झोपमोडीचाच. आणि ज्याच्या घरात कोणी जमिनीवर पडलंय, त्याला फोनवर पाच सेकंदांची शांतता किती लांब वाटते, ते धाकटीला माहीत होतं. सासऱ्यांच्या वेळी फोन तिनेच लावला होता.

तिने उपाय शोधले. प्रोग्रॅम उठल्या अवस्थेत गोठवून ठेवायची एक सोय सापडली. वेळ निम्म्यावर आला, पण निम्मा उरलाच. सरळ भाडं भरून त्याला कायम जागं ठेवता येत होतं. ते विचारल्यावर मालक म्हणाले, "मग आपल्या मागच्या खोलीतला काय वाईट होता?" तिने तो उपाय यादीतून खोडला.

शेवटी रिपोर्टात तिने पहिल्या दिवशीचे आकडे घातले. खोटं त्यात एकही नव्हतं. फक्त दोन बटणांच्या मध्ये किती वेळ गेला, ते लिहिलेलं नव्हतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिला कळत होतं. पण दोन वर्षं झाकलं राहिलं तर पुरे होतं.

रिपोर्ट तिने सहीसाठी भावोजींच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो चष्मा कपाळावर सरकवून सावकाश वाचला. सही केली नाही. संध्याकाळी घरी सगळे जेवायला बसले असताना ते ताटात बघतच म्हणाले, "धाकटे, त्याला झोपू दिलं होतंस का?"

जाऊबाईंचा वाढता हात थांबला. या घरात जेवताना ऑफिस पहिल्यांदाच येत होतं.

"कोणाला?" धाकटीने विचारलं. विचारायला नको होतं.

"उद्या लवकर निघू. कोणी हात लावायच्या आधी एकदा चालवून बघू."

"तुम्ही जेवा ना," जाऊबाई म्हणाल्या. "झोपलेल्याला कशाला उठवता?"



सकाळी ऑफिसात फक्त झाडणाऱ्या मावशी होत्या. भावोजी त्या दिवशी मागच्या खोलीत गेले नाहीत. तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "दाब."

तिने दाबलं. गोल फिरायला लागलं. ते ओठातल्या ओठात मोजत होते, शाळेत कवायतीला मोजावं तसे. तिला वाटलं, आत्ता वीज जावी, निदान मावशींनी काही विचारावं. मावशी खुर्च्यांखालून झाडत निघून गेल्या. उत्तर आलं.

"आता पायथॉन."

ते लगेच आलं. मोजायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"चांगलं लिहिलंस," ते म्हणाले. "आटोपशीर."

"सर, हे आकडे घालायलाच पाहिजेत असं नाही. मालकांना यातलं काही कळत नाही."

"ऑपरेटरला कळेल ना."

"ताईंना मी काय सांगू?"

"ते घरातलं झालं." ते क्षणभर थांबले. "सांग, की सेकंद मीच मोजले."

नवे आकडे तिने टाइप केले. त्यांनी सही केली, नेहमीसारखीच, खाली दोन टिंबं देऊन. मालकांनी रिपोर्ट वाचल्यासारखा केला, फार वाईट वाटल्यासारखं केलं आणि सरांना तीन महिने दिले. तेवढ्यात नवी भाषा आली तर बघू म्हणाले.

त्यामुळे संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. भावोजी वही-पेन घेऊन वेळेआधी येऊन बसत. जिने त्यांच्या हाताखाली अक्षरं गिरवली, तिने आता त्यांचा हात धरायचा होता, आणि तो धरता येत नव्हता. जावात प्रत्येक कामाभोवती महिरपी कंस असतो, उघडायचा, मिटायचा. पायथॉनमध्ये ते काम नुसत्या मोकळ्या जागेवर भागतं. भावोजींचं बोट दर ओळीला कंसावर जायचं. ती "भावोजी, कंस नको" म्हणायची, ते पुसायचे आणि पुढच्या ओळीला पुन्हा घालायचे.

"दार न लावता घराबाहेर पडल्यासारखं वाटतं गं," ते एकदा म्हणाले. जाऊबाई चहाचे कप घेऊन यायच्या. भावोजींचा कप हातात द्यायच्या, धाकटीचा टेबलाच्या टोकाला ठेवायच्या. रोज तिथेच. उठून घ्यावा लागे.

दुसरा महिना संपत आला तेव्हा त्यांनी वही मिटली. "सोड आता. तू यात विचार करतेस. मी जावात विचार करतो आणि यात सांगतो. दुभाष्याला नोकरीवर कोण ठेवणार?"

"अजून महिना आहे, भावोजी."

"तो तुला दिला. परीक्षा आल्यासारखा चेहरा झालाय तुझा."

तिने पेनाला टोपण लावलं. आतून जाऊबाईंनी एक भांडं जरा जोरात ठेवलं.

मागच्या खोलीतला सर्व्हर बंद केला तेव्हा भावोजींनी तो स्वतःच्या हाताने केला. एसीही बंद झाला. महिन्याभरात तिथे जुन्या खुर्च्या आल्या.

भावोजी आता घरी असतात. घड्याळाला अजून हात लावलेला नाही, पण सकाळी लवकर तयार होतात आणि धाकटीला स्कूटरवर सोडायला येतात. नवरा सोडायला तयार असतो. ते ऐकत नाहीत. वाटेत कोणी बोलत नाही. ती मागे बसून त्यांच्या शर्टाची इस्त्री बघते. जाऊबाई अजून रोज इस्त्री करतात. फाटकाशी स्कूटर थांबते, ती उतरते, वॉचमन सवयीने दोघांनाही सलाम करतो.

"काल पहिल्या फोनला किती लागला?" ते विचारतात. रोज विचारतात.

"एका सेकंदाच्या आत, सर."

"बरं," ते म्हणतात आणि स्कूटर वळवतात.