सुतळीचे दुसरे टोक

माझ्या थोरल्या काकांइतका संशयी माणूस पालघरपासून तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल. आणि झाला असेलच, तर काकांनी त्याच्यावरही संशय घेतला असता. दूधवाला हसला तर दुधात पाणी आहे, आणि नाही हसला तर नक्कीच आहे, असे त्यांचे सरळ गणित होते. पण त्यांचा खरा, राखीव संशय होता तो तेरा ते एकोणीस या वयाच्या माणसांवर. शिरगावात त्यांचा पानमळा होता. समुद्रावरून खारा वारा सुटला की विड्याच्या वेलींची कोवळी पाने करपत, आणि या वयाच्या मुलामुलींनाही तसाच एक वारा लागतो असे काकांचे ठाम मत होते. कोणाच्या मुलाने केसांचा भांग बदलला की ते लांबूनच म्हणत, "लागला. ह्याला खारा वारा लागला."

हा वारा उत्तरेकडून येतो, हेही त्यांनी ठरवून टाकले होते. ती साठ सालानंतरची वर्षे. तारापूरकडे अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते, आणि बोईसरात कुठून कुठून माणसे येऊन राहिली होती. त्यांच्याबरोबर हिंदी बोलणे आले, ट्रान्झिस्टर आले, टोकदार बूट आले आणि पायाला चिकटून बसणाऱ्या तंग पँटी आल्या. या पँटींवर काकांनी उपाय शोधला होता. पिशवीत ते सोड्याची रिकामी बाटली बाळगत. समोरच्या तरुणाच्या पँटीच्या पायातून ती बाटली वर सरकली तर मुलगा घरंदाज, अडकली तर वाया गेलेला. एकदा पालघरच्या शाळेतले एक नवे, तरुण मास्तर काकांच्या मुलीची, आमच्या मालूताईची, प्रगती सांगायला घरी आले होते. काकूने त्यांच्या हातात चहाचा कप दिला, कप भरलेला असल्यामुळे मास्तरांना हलता येईना, आणि तेवढ्यात काकांनी खाली बसून बाटली लावली. ती घोट्यापाशीच अडकली. मास्तर चहा अर्धा टाकून गेले. "मुलीला पहिला नंबर मिळेल म्हणतो," काका काकूला म्हणाले, "पण तू त्याची पँट बघितलीस काय?"

घरात रोज संध्याकाळी डोकी हुंगली जात. खोबरेल तेलाचा वास आला की सुटका. वासाचे तेल असेल तर चौकशी. मालूताई एकदा भाकरी थापताना गुणगुणली, तर काका दाराआड उभे राहून सगळे ऐकून आले आणि निर्णय दिला, "चाल भजनाची हाय, पण शब्द भजनाचे नाय." आणि हाच माणूस, मला ताप भरला तेव्हा, बस चुकली म्हणून मला पाठीवर घेऊन पालघरच्या डॉक्टरांकडे निघाला. वाटेत धापा टाकत दर थोड्या वेळाने विचारत होता, "दिनू, खरं बोल. शाळा बुडवायचं ढोंग नाय ना?" मी नाही म्हटले की पुढे चालायचे. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला, तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी थर्मामीटर मागून घेतला आणि तो बरोबर आहे का ते स्वतःच्या काखेत लावून पाहिले.

माझे वडील बोईसरला बांधकामावर कारकून होते आणि चार जणांत एका खोलीत राहत, म्हणून मी शिकायला काकांकडे होतो. माझ्यावर मात्र काकांचा संशय नव्हता. वडिलांची जुनी पँट कापून माझी केलेली असे. तिच्यातून बाटलीच काय, कळशी गेली असती. मी उलट बोलत नसे. एवढ्यावर त्यांनी मला निर्दोष ठरवले होते. पंधराव्या वर्षी निर्दोष असण्यासारखे अपमानास्पद काही नसते, हे त्यांना कोण सांगणार?

एका रविवारी मी वडिलांकडे गेलो असताना शेजारच्या पंजाबी फिटरच्या मुलाने त्याला लहान झालेले टोकदार बूट मला दिले. काळे, चकचकीत. ते वर्तमानपत्रात गुंडाळून मी शिरगावला आणले आणि मळ्यातल्या टोपल्यांमागे लपवले. दोन दिवसांनी काका पानांच्या टोपल्या गाडीत चढवायला पालघरला गेले. दुपारची वेळ होती. मी बूट चढवले, खिशात हात घातले आणि वेलींच्या ओळींमधून, बोईसरचे लोक चालतात तसा, वर आणि खाली चाललो. कोणी पाहत नव्हते, तरी मी फार रुबाबात होतो.

आता, पानमळ्यात पायांत काही घालून कोणी जात नाही. वेलीला ते चालत नाही, असे आमच्याकडे मानतात. त्यामुळे काका रोज ओल्या मातीतले पाय वाचत. कोण आले, कधी आले, कोणाची टाच दुखते आहे, सगळे त्यांना कळे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जे वाचले, ते असे: वेलींच्या एका ओळीत मालूताईचे अनवाणी पाय, आणि त्यांच्या शेजारून एक टोकदार बूट. मालूताई अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला होती, आणि अभ्यासाला रोज मळ्यातल्या सावलीत बसत असे. मी ज्या ओळीतून मिरवलो, त्याच ओळीतून ती त्याआधी पुस्तक घेऊन गेली होती.

काकांनी त्या ठशावर टोपली पालथी घातली आणि काकूला बोलावले. "हा पाय आपल्याकडचा नाय. बोईसरचा हाय."

"मी कोणालाच भेटले नाही, बाबा," मालूताई म्हणाली.

"मग बूट काय आपला आपण चालत आला?"

परीक्षा तीन आठवड्यांवर होती, फॉर्म भरलेला होता. त्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली. काकांनी ठशाची लांबी सुतळीने मोजली, तेवढी सुतळी कापली आणि आरोपी शोधायला निघाले. सुतळी धरायला दुसरा विश्वासू माणूस हवा होता. तो मी. टाचेशी मी सुतळीचे टोक धरायचे आणि बोटांशी काका बघायचे. आम्ही उमरोळीच्या दोघा भावांचे पाय मोजले, त्या मास्तरांचे मोजले, आणि रविवारी बोईसरला जाऊन कामगारांच्या रांगेपुढे पाय मोजत बसलो. एक सरदारजी हसून म्हणाले, "चाचा, जूते बनाते हो क्या? मेरे लिए भी एक जोड़ी बना दो!" सगळे हसले. मीही हसलो, टोक हातात धरून.

त्या संध्याकाळी मालूताई मला विहिरीपाशी भेटली. रडून तिचे डोळे सुजले होते. "दिन्या, तू तरी सांग रे बाबांना. तुझं ऐकतात ते. परीक्षेला तरी बसू द्या म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी बूट गावच्या किल्ल्यापलीकडच्या खाडीत फेकून आलो. परीक्षा तिच्याविनाच झाली, त्याच वैशाखात मालूताईला बेटेगावला दिले, आणि लग्नात मी पंगतीला जिलब्या वाढत होतो. काकांनी नवऱ्या मुलाचेही पाऊल सुतळीने मोजून घेतले होते. जुळले नाही, म्हणून तर लग्न झाले.

वीसेक वर्षांनी, काका अंथरुणाला खिळले असताना, मी धीर करून त्यांना सगळे सांगितले. मग उशाशी ठेवलेल्या जुन्या पंचांगातून त्यांनी ती सुतळी काढली. "पाय दे."

त्यांनी माझा पाय मोजला. दुसरे टोक सवयीने मीच धरले. "दोन बोटं जास्त हाय," ते म्हणाले. "तू नव्हतास."

"तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, काका. पाय वाढला."

"कोणाला तरी पाठीशी घालतोस तू. सवयच हाय तुझी, सगळ्यांचं चांगलं बघायची." सुतळी गुंडाळून त्यांनी परत पंचांगात ठेवली आणि माझा पाय दोन वेळा थोपटला. पुढच्याच महिन्यात ते गेले.

पानमळा आता नाही. मालूताई बेटेगावात आहे, तिची नात इंजिनियर झाली. मी गेलो की ती आवडीने विचारते, "दिन्या, तो बूट कोणाचा असेल रे?" आणि मी चहाच्या कपात बघतो. तोंडाने सांगणे मला या जन्मी जमणार नाही. पण मालूताई वाचते. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती हाताने सरळ करून, चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. हेही वाचेल.