नातीचा पापा आणि कपड्याचा गम

समजा, तुमच्यासमोर कमरेइतका उंच ड्रम आहे. त्यात पाणी आहे, वरून मोटरवर फिरणारं पातं सोडलंय आणि पाण्याच्या मधोमध भोवरा पडलाय. तुमच्या हातात मातकट पांढऱ्या पावडरीचं घमेलं आहे. ही पावडर भोवऱ्याच्या कडेला भुरभुरवायची, पिठलं करताना पीठ सोडतात तशी. हात जरा सैल पडला की गाठी झाल्याच. या गाठी पिठल्यातल्यासारख्या घोटून मोडत नाहीत. वरून ओल्या, आतून कोरड्या, माशाच्या डोळ्यांसारख्या तुमच्याकडे बघत तरंगत राहतात. पण हात राखून सोडलीत तर पाणी हळूहळू जड होतं, पातं कण्हायला लागतं आणि ड्रमभर गुळगुळीत, दाट गम तयार होतो. त्यात रंग मिसळायचा आणि कापडावर गुलाब छापायचा. गम जमला असेल तर लाल रंग पाकळीच्या रेघेत राहतो. फसला असेल तर रंग पांढऱ्यात फुटतो आणि गुलाबाचा नुसता डाग होतो.

भिवंडीतल्या एका प्रिंटिंग युनिटमध्ये हिरामण हे काम करतो. आता आजोबा व्हायच्या वयाचा झाला, तरी ड्रमवर दुसऱ्याचा हात चालू देत नाही. मानकोलीजवळच्या त्याच्या गावात शेतं गेली आणि तिथे गोडाऊनं उभी राहिली. भावकीतले लोक भाडं खातात, मोठ्या गाड्या फिरवतात आणि लग्नाकार्यात त्याला विचारतात, "काय रे, अजून चिखलच ढवळतंस का?" हिरामण हसतो. भाडं त्यालाही थोडंफार येतं. पण पाण्याचा भोवरा जड होत जातो तेव्हा मनगटाला जे कळतं, ते भाडं मोजताना कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याला एकच जुनं दुखणं. उन्हात फिरला, ताप आला, जागरण झालं की ओठाच्या डाव्या कोपऱ्यात आधी मुंग्या येणार आणि मग पुळ्यांचा झुबका फुटणार. "जर मुतला रे तुझ्या ओठावर," असं आक्का, त्याची थोरली बहीण, दरवेळी सगळ्यांदेखत ओरडणार. जर म्हणजे ज्वर, ताप; तापानंतरच्या पुळ्यांना जुनी माणसं तसंच म्हणतात. डॉक्टर त्याला हर्पीस म्हणतात. एकदा अंगात शिरला की हा विषाणू जात नाही. नसेच्या मुळाशी झोपून राहतो आणि मनात येईल तेव्हा उठतो.

गेल्या उन्हाळ्यात अशाच मुंग्या आल्या असताना हिरामणने चुकून गमचा हात तोंडावरून फिरवला. गार वाटलं. त्या खेपेला पुळ्या आल्या, पण बारीक, आणि लवकर सुकल्या. झालं! त्याने मनाशी ठरवून टाकलं की हा गमचाच गुण.

युनिटच्या छोट्या लॅबमध्ये रंगाची छटा जुळवायला निशा बसते. पडघ्याची मुलगी, केमिस्ट्री शिकलेली. त्याने तिला हे सांगितलं तेव्हा ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"काका, हा गम कशाचा असतो माहीत आहे?"

"पावडरीचा."

"पावडर कशाची?"

हिरामणने इतकी वर्षं गोण्या फोडल्या, पण गोणीच्या आधी काय, हे कधी मनात आलं नव्हतं.

"समुद्रातल्या शेवाळाची. खडकाला चिकटून वाढतं ना, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचं? त्याची."

"शेवाल?" हिरामणचे डोळे मोठे झाले. त्याचा बाप खाडीत जाळं टाकायचा आणि जाळ्याला शेवाळ लागलं की शिव्या घालत झटकायचा. "आमचा बा जे फेकायचा, त्याच्यावर मी घर चालवलं?"

निशाने फोनवर आणखी शोधून दाखवलं. काही समुद्री शेवाळांच्या अर्कावर हर्पीससाठी खरोखरच प्रयोग चालले होते. हिरामण दिवसभर ड्रममध्ये बघत राहिला, जणू त्यातून कोणी ओळखीचं वर येणार आहे. पुढे गावात भेटेल त्याला हे सांगत सुटला.

तोवर ही सगळी मौज होती. मग मृणाली, त्याची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली.

त्यांच्या घरात रीत अशी की बाळ दवाखान्यातून घरी आलं की पहिल्यांदा आजोबाच्या मांडीवर द्यायचं आणि आजोबाने पहिला पापा घ्यायचा. हिरामणने त्यासाठी नवा सदरा शिवून घेतला. आणि बाळ घरी यायच्या आदल्या सकाळी दाढी करताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यात मुंग्या आल्या. दुपारपर्यंत पुळ्या फुटल्या.

तो तसाच दवाखान्यात गेला. डॉक्टरबाईंनी त्याला दारातच अडवलं. "आजोबा, तुम्हाला हे किरकोळ आहे. एवढ्या लहान बाळाला झालं तर ते मेंदूपर्यंत जाऊ शकतं, जिवावर बेतू शकतं. खपली पडून कातडी कोरडी होईपर्यंत जवळ जायचं नाही. आणि त्यानंतरही तोंडाचा पापा कोणीच घ्यायचा नाही, काही महिने."

हिरामण काचेतून नातीला बघून परत फिरला. बाहेर येऊन रिक्षात बसला आणि रिक्षावाल्याला घराऐवजी युनिटचा पत्ता सांगितला.

"निशा बाय, मना एक सांग," तो लॅबच्या दारातूनच म्हणाला. "ओठावर गमचा जाड थर दिला, वरून पुन्हा दिला, तर चालंल का? विषाणू गममध्येच अडकंल."

"काका, पहिली गोष्ट, हा कपड्याचा गम आहे, तोंडाचा नाही. ड्रमात युरिया पडतो, सोडा पडतो. गेल्या उन्हाळ्यात वाचलात तुम्ही."

"कोरी पावडर घेतो. घरी भिजवतो."

"कोरी असली तरी ती कपड्यासाठीच केलेली. आणि दुसरी गोष्ट, मी दाखवलं होतं ते बहुतेक लाल शेवाळाचं होतं. हे तपकिरी."

"शेवाल ते शेवाल."

"बोंबील आणि सुरमई एकच का?"

 हिरामण तरी हटला नाही, स्टूल ओढून बसला. "ते प्रयोग कसे करतात, ते तरी सांग."

निशाने टेबलावरची काचेची बशी घेतली. "अशा बशीत जिवंत पेशींचा पातळ थर वाढवतात, साय धरते तसा. त्यावर विषाणू सोडला की तो पेशी मारत जातो आणि थराला भोकं पडतात. दुसऱ्या बशीत विषाणूबरोबर शेवाळाचा अर्क घालतात. तिथे भोकं कमी पडतात. शेवाळात एक प्रकारची साखर असते, गोड नव्हे, बुळबुळीत; ती विषाणूला चिकटते, मग त्याला पेशी धरता येत नाही."

हिरामण बशीकडे बघत राहिला. "म्हणजे रंग रेघेबाहेर फुटू देत न्हाय, तसंच."

निशा थबकली. "जवळजवळ तसंच. पण विषाणू आधीच पेशीत शिरला असेल, तर ही साखर बाहेरून फारसं काही करू शकत नाही. तुमचा तर मुळातच आत बसलाय."

"पण गेल्या खेपेला कमी आलं ना?"

"दरवेळी सारखंच येतं का? तेव्हा ऊन कमी लागलं असेल, झोप झाली असेल. आपोआपही बरं होतंच ना ते? लावलं नसतं तर काय झालं असतं, हे कोणाला ठाऊक?"

"मग अर्ध्या ओठाला लावतो, अर्धा कोरा ठेवतो," हिरामण उत्साहाने म्हणाला आणि लगेच स्वतःच कपाळाला हात लावला. "च्यायला! माझं दुखणं तर डाव्या कोपऱ्यातच येतं. उजवीकडं कोरं ठेवून काय कळणार?"

निशा खो खो हसली. हिरामणही हसला आणि ओठ ताणला गेल्याने कळवळला.

"मग उद्याचं काय?" त्याने हळूच विचारलं.

"काका, खरं सांगू? मला माहीत नाही. आणि मला माहीत नाही म्हणूनच, नका जवळ जाऊ."

दुसऱ्या दिवशी बाळ घरी आलं. हिरामण नवा सदरा घालून, तोंडाला मास्क लावून ओटीच्या टोकाला उभा राहिला. आक्काने बाळाला ओवाळलं आणि हाक मारली, "ये रे हिरामण, बस खाली. मांडी घाल."

"मी न्हाय, आक्का."

"अरे, आपला बा दर पावसाल्यात ओठ फुटलेला घेऊन फिरायचा. आपण मेलो का? घे पापा, कपालावर घे. काय ती डॉक्टरीण! आणि तुझ्या त्या शेवालाचं औषध कुठं गेलं? गावभर सांगत फिरत होतास!"

बायका हसल्या. मृणाली मात्र बापाकडे बघत होती. गमची गोष्ट तिने गरोदरपणात पुन्हा पुन्हा ऐकली होती.

"बाबा, तुम्ही सांगाल तसं," ती म्हणाली. "तुम्हाला त्या गममधलं कळतं. चालतो का तो?"

हिरामण एक शब्द बोलला असता तर नात त्याच्या मांडीवर आली असती. इतक्या विश्वासाने त्याला आजवर फक्त ड्रममधल्या गमबद्दलच विचारलं गेलं होतं, आणि तिथे तो कधी अंदाजाने बोलला नव्हता. बोट बुडवून, धार सोडून बघितल्याशिवाय त्याने कधी कोणाला 'जमला' म्हटलं नव्हतं.

"मना माहीत न्हाय, पोरी," तो म्हणाला. "तिला आत ने."

आक्का दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. ओठ बरा होईपर्यंत हिरामण शेजारच्या सुकन्याकाकूंच्या घरी झोपायला गेला. ओठाला त्याने डॉक्टरबाईंनी दिलेलं मलमच लावलं. खपली धरली, पडली, खालची कातडी गुलाबी होऊन मग नेहमीसारखी काळसर झाली. डॉक्टरबाईंनी नीट बघून हो म्हटलं, तेव्हा तो कोपरापर्यंत हात धुऊन, मास्क लावून बसला. मृणालीने बाळाला मांडीवर दिलं. त्याने पापा घेतला नाही. तिचं पाऊल तळहातावर घेऊन बसून राहिला, गम तपासताना धार तळहातावर घेतो तसा. आक्का नाक मुरडून म्हणाली, "पोर हाय ती, ड्रम न्हाय!" म्हणजे अबोला सुटला होता.

सोमवारी ड्युटीवर आल्या आल्या तो लॅबच्या दाराशी गेला. निशा छटा जुळवत होती.

"निशा बाय, त्या बशीत ते लोक बघतात काय, तर विषाणू पेशीत आत शिरतो का. बरोबर?"

"हो."

"म्हणजे ज्याला होऊ नये, त्याला तो अर्क लावायचा. पण माझं उलट हाय. माझा आत बसलेला, तो बाहेर निघतो. गम तर रंगाला आतून बाहेर फुटू देत न्हाय, त्याच्यासाठीच हाय तो." त्याने ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मग ज्याच्या ओठावर पुळी हाय, त्याच्याच ओठावर लावून विषाणू दुसऱ्याकडं जायचा थांबतो का, हे कोणी बघितलंय का गो?"