परन्याफुडं रशियाचं गानं

केजच्या वरल्या अंगाला माळावर एक वस्ती हाय, तिथं सटवा ऱ्हातो. चाळीस-बेचाळीस शेळ्या, दोन बोकड आन एक कुत्रं, एवढा त्येचा पसारा. मानूस लई गरीब, कुनाच्या आध्यात न्हाई मध्यात न्हाई. पन तोंड आसं, की आत्ताच कुनाची तरी माती देऊन आलाय. केजच्या बाजारात नवीन मानूस भेटला की आधी ईचारायचा, कोन गेलं म्हनून. सटवा म्हनायचा, कुनी न्हाई, आन फुडं व्हायचा. त्येला राग यायचा न्हाई. पाळन्यात व्हता तवापासून तोंड तसंच.

त्या तोंडानं त्येचं काई आडलं न्हाई. लगीन झालं, लेकरं झाली, शेळ्या वाढल्या. आडलं ते एकाच जागी. आमच्याकडं नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडाया निघतो, त्येला परन्या म्हनत्यात. परन्याच्या घोड्याफुडं पैला नाचायचा मान मामाचा. मामा नाचला की मग बाकीची पोरं आत शिरत्यात. मामा न्हाई नाचला, तर लोक म्हनत्यात ह्येला लगीन पसंत न्हाई.

सटवाची धाकटी भैन मंगल, उमापुरात दिलेली. तिच्या थोरल्या पोराचं, रामहरीचं, लगीन झालं चार वर्सामागं. डीजे वाजाया लागला, पोरांनी सटवाला वढून घोड्याफुडं आनला, आन ह्यो तिथं खुंट्यावानी हुबा. लईच वढावढ झाली तवा त्येनं एक हात वर केला. बघनाऱ्याला वाटलं, येष्टीला हात करतोय. मंगलची जाऊ भामाबाई, ती सगळ्या बायांत म्हनली, तुज्या भावाला नवरी आवडली न्हाई वाटतं. मंगलला ते लई लागलं. तवापासून ती भाऊबीजेला यायची, वव्वाळायची, ताटातलं जेवायची आन एक सबूद न बोलता माघारी जायची. चार भाऊबीजा आशा झाल्या.

सटवाचं म्हननं एवढंच, की त्येच्या पायाला खुशीचं गानं चढत न्हाई. तरनेपनी त्यो धनगरी ओव्यांत बसायचा. त्येचा जोडीदार बिभीषन ओवी सोडायचा आन सटवा झील वढायचा. झील म्हंजी गानाऱ्यानं टाकलेली शेवटची वळ मागच्यानं उचलायची, तवर गानाऱ्यानं दम घ्यायचा. सटवाचा आवाज झीलीचाच. पन बिभीषननं जीप घेतली, केज ते वस्ती शिटा भरू लागला, आन ओव्या बंद पडल्या. सटवा तवापासून शेळ्यामागं मुकाच फिरायचा.

मग धाकट्या भाच्याचं, परमेश्वरचं, लगीन ठरलं. मंगलचा फोन आला. चार वर्सानं पैल्यांदा बोलली ती.

"दादा, ह्या बारीला परन्याफुडं नाचलास तर नाचलास. न्हाईतर तुला भैन न्हाई आसं समज."

एवढं म्हनली आन ठिवला. सटवानं मोबाईल खाली ठिवला तर त्यो शेळीनं तुडवून फोडला.

बाजाराच्या दिवशी त्यो केजात प्रविनच्या मोबाईलच्या दुकानात गेला. प्रविननं त्येला एक वापरलेला मोठा मोबाईल दिला. म्हनला, ह्यो एका डाक्टरकीच्या पोराचा हाय, रशियात शिकतो, सुट्टीला आलता तवा इकून गेला. आत त्येचीच गानी हायती, पुसून दिऊ का? सटवा म्हनला, ऱ्हाऊ दे, जागा खात्यात का ती?

दुसऱ्या दिवशी माळावर त्येनं एक गानं लावलं. आधी नुसता ठेका आला. ढब, ढब, ढब, ढब, हलगीवानी, पन हलगीवाला मधी हात फिरवतो तसं काई न्हाई, जात्यासारखा एकसारखा. मग एक जाड तार वाजाया लागली. आन मग एक गडी बोलाया लागला. गातोय म्हनावं तर गात न्हाई. आडात तोंड घालून मानूस बोलतो तसला खोल आवाज, सगळा उदास. एक वळ टाकायचा आन गप ऱ्हायचा. फुडं नुसता ठेका. शेळ्या चरायच्या थांबून बघाया लागल्या.

सटवानं सगळं गानं ऐकून घेतलं, परत लावलं, परत ऐकलं. मग त्येच्या ध्यानात आलं. ह्येचा झीलकरी गेलेला हाय. वळ टाकून थांबतोय बिचारा, मागून कुनी उचलीनाच, म्हनून ह्येचा आवाज आसा झालाय. दुसरं गानं लावलं, त्यात बी तेच. कार्डात चाळीसेक गानी, गानारे निरनिराळे, पन झीलकरी एकाचा बी न्हाई. सटवाला वाटलं, त्या मुलखात काईतरी साथ आली आसंल.

तिसऱ्या दिवशी त्येला ऱ्हावलं न्हाई. गानाऱ्यानं वळ टाकली आन सटवानं मागून झील वढली. शब्द ठावं न्हाईत, नुसता सूर. गानारा फुडची वळ बोलला. सटवानं ती बी उचलली. आसं करता करता त्येनं खाली बघितलं तर पाय हालत व्हते. दोन पावलं उजवीकडं, एक माघारी, आन काठी जमिनीवर. तोंड व्हतं तसंच.

त्येची बायकू मुक्ताबाई भाकर घिऊन आली तर नवरा माळावर डोलतोय. तिनं भाकर खाली ठिवली, पदर खोचला, पळत घरी जाऊन भंडारा आनला आन त्येच्या कपाळाला लावला. हात जोडून ईचारलं, कोन देव हायस, कुठून आलास?

"रशियाचा हाय," सटवा म्हनला. "बस, गानं संपू दे."

मुक्ताबाई बसली. गानं संपल्यावर म्हनली, आपल्यात न्हाई बाई त्यो. मग भाकर वाढली.

लगनाच्या आधी सटवानं प्रविनकडून त्यातलं एक गानं पेनड्राईव्हात भरून घेतलं आन बिभीषनच्या जीपमधी बसून उमापूरला निघाला. वाटंत त्येनं बिभीषनला ते गानं ऐकवलं. गेवराईत बिभीषननं जीप कडंला घेतली. मग म्हनला, "मी गात व्हतो तवा कधी नाचलास का रं?"

"तू खुशीत गायचास," सटवा म्हनला.

उमापुरात परन्या निघाला. परमेश्वर घोड्यावर, डीजे गाडीवर, फुडं एक हलगीवाला, सगळी भावकी मागं. डीजेनं नाचायचं एक गानं लावलं, पोरांनी सटवाला फुडं वढलं, आन सटवा हुबा. दुसरं लावलं, हुबा. भामाबाईनं बायांकडं बघितलं. मंगल हातात आरतीचं ताट घिऊन हुबी व्हती, तिनं मान दुसरीकडं केली.

सटवा गर्दीतून डीजेवाल्याकडं गेला आन खिशातला पेनड्राईव्ह त्येच्या हातात दिला. डीजेवाल्यानं लावला. गानाऱ्याची पैली वळ आली आन डीजेवाल्यानं झटक्यात बंद केलं.

"मामा, ह्ये दहाव्याचं दिसतंय. लोक गाडी फोडतील माझी."

म्हातारी मान्सं पुटपुटाया लागली, शुभ कामात ह्ये आसलं रडगानं कशाला? मंगलचा सासरा म्हनला, बंद करा. सटवानं नुसतं मंगलकडं बघितलं. त्येला ठावं व्हतं, आता ती न्हाई म्हनली तर हितनंच माघारी जायचं, आन परत ह्या दारात यायचं न्हाई.

मंगल ताट घिऊन गाडीपशी आली. आधी भावाकडं बघितलं, मग सासऱ्याकडं, मग डीजेवाल्याकडं.

"लाव," ती म्हनली. "तोंडाला जुळतंय त्येच्या."

सासऱ्यानं काई म्हनायच्या आत ठेका सुरू झाला. ढब, ढब, ढब, ढब. पोरं हात खाली सोडून हुबी ऱ्हायली. सटवानं डोक्यावरची टोपी नीट केली. दोन पावलं उजवीकडं, एक माघारी. गानाऱ्यानं वळ टाकली आन सटवानं सगळ्या उमापुरासमोर झील वढली.

आता ज्यानं कवा ओव्या ऐकल्यात, त्येला मोकळी वळ सोडवत न्हाई. मागून बिभीषननं उचलली. मग मंगलचा सासराच, ज्यो बंद करा म्हनला व्हता, त्येनं उचलली. हलगीवाला ठेक्यात शिरला. गानारा तिकडं उदास बोलायचा आन हिकडं तीस-चाळीस म्हातारे एका सुरात त्येला हात द्यायचे. पोरांना गानं कळलं न्हाई, पन पाय कळले. सगळी दोन पावलं उजवीकडं, एक माघारी. घोडा बी तसाच चालाया लागला, परमेश्वर फेटा धरून बसला.

भामाबाई मंगलच्या कानाशी आली. "आगं, तुजा भाऊ नाचतोय का रडतोय?"

"नाचतोय," मंगल म्हनली. "रडताना त्यो खाली बसतो."

मारुतीपस्तोर जाया दहा मिनटाची वाट, तिला दीड तास लागला. भटजी दोनदा निरोप धाडून थकला. अक्षता पडल्या ते मुहूर्त टळूनच, पन त्येचं कुनी काई धरलं न्हाई.

पंगतीत मंगल सोता वाढाया आली. सटवाच्या ताटात तिनं बुंदी वाढली, परत वाढली, आन तिथंच त्येच्याम्होरं बसली. भाईर पोरांनी गानं परत लावलं व्हतं, पाचवी का सहावी बारी.

"दादा, त्येचा आवाज कमी करता येतो का रं? डोस्कं उठलंय."

"आता माझ्या हातात न्हाई ते," सटवा म्हनला.

"मग ऱ्हाऊ दे," मंगल म्हनली, आन त्येच्या ताटात आजून बुंदी वाढली.