रेंदेराची साक्ष

गावातल्या आमच्या वाड्यावर जगाचा न्याय करणाऱ्यांची कधी वाण नव्हती. संध्याकाळी रुमाल्दच्या दारूच्या दुकानात दोन बाकांवर आठ न्यायाधीश बसलेले असायचे. ज्याची दारू ते प्यायचे, तो बोस्त्यांव रेंदेर मात्र तिथे कधी टेकला नाही. मागच्या दाराने सूर, म्हणजे माडाची ताडी, द्यायची, रिकामं भांडं उचलायचं आणि चालू लागायचं.

माडाची सूर काढण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. एकतीस माड, दिवसातून तीन वेळा वर आणि तीन वेळा खाली. माड लोकांचे, पाय याचे. कमरेला कोयती, पाठीला दुध्या भोपळ्याचं भांडं, आणि डोक्यात बापाने शिकवलेल्या दोन गोष्टी. पहिली, चढण्याआधी हाळी द्यायची, म्हणजे खाली कोणी विहिरीवर न्हात असेल तर पदर सावरेल. दुसरी, वर जे दिसेल ते वरच ठेवून उतरायचं. आमच्याकडे बायका न्हायला माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा करतात. त्याला चार बाजू असतात, पण वर छप्पर नसतं. अशा गावात रेंदेराने तोंड उघडलं तर बायकांनी न्हायचं कुठे?

लोक मस्करीत विचारायचे, काय रे, वरून काय काय दिसतं? तो म्हणायचा, पोय दिसते, सूर ठिबकते तो माडाचा फुलोरा, खाली बघणारा रेंदेर खाली पडतो. खरं तर त्याला सगळं दिसायचं. कोणाची कोंबडी कोणाच्या गवतात अंडी घालते, कोणती सून सासूच्या माघारी लोणच्याच्या बरणीत हात घालते, सगळं. पण माणूस असा बेरकी, की बायकोलासुद्धा बावीस वर्षांत त्याने एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मार्च महिन्यात एका दुपारी पुल्केरीन म्हातारी तिच्या विहिरीपाशी मरून पडलेली सापडली. आमचं देऊळ म्हणजे चर्च, त्याची बाराची घंटा नुकतीच वाजली होती. डोक्याला मोठी खोक. साडेअकराला मासेवालीशी दोन बांगड्यांवरून भांडताना तिला सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि तिचा आवाज ऐकू न येणं आमच्या वाड्यात शक्यच नव्हतं. शेजारची कोसेसांव पाण्याला निघाली होती, तिने प्रेत बघितलं आणि बोंब ठोकत वाडा गोळा केला. घरात म्हातारीची सून एस्पेरांस तेवढी राहायची. नवरा जहाजावर, आठ महिने बाहेर. आणि त्या वेळी सून घरात नव्हती.

फौजदार बसरगी म्हणून होते, घाटावरचे, नुकते बदलून आलेले. त्यांनी वर माडाकडे बघून विचारलं, नारळ वगैरे पडला नसेल ना? तेव्हा प्रेत समोर असूनही लोकांना हसू आवरेना. साहेब, माडाला डोळे असतात. तो माणसाच्या डोक्यावर नारळ टाकत नाही. आजोबा-पणजोबांपासून कोणाच्या डोक्यात पडलाय का? आणि खाली नारळ होता कुठे? फौजदारांनी इकडेतिकडे बघितलं, खरोखरच नव्हता. बिचारे ओशाळले आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

मग त्यांनी सुनेला विचारलं, कुठे होतीस? ती म्हणाली, शेताच्या बांधावर, पाटात पाय सोडून बसले होते. काय करत होतीस? काही नाही, बसले होते. कोणाबरोबर? एकटीच. झालं, तिथेच तिचं घोडं अडलं. आमच्या गावात बाई बसली तर शेंगा सोलायला, जाळी विणायला, निदान दुसरीच्या उवा काढायला बसते. भर दुपारी, पाण्यात पाय सोडून, काही न करता बाई बसते, यावर कोण विश्वास ठेवणार? ती म्हणाली, रेंदेराची हाळी मी ऐकली, त्याने मला बघितलं असेल, त्याला विचारा.

बोस्त्यांव गर्दीत मागे उभा होता. फौजदारांनी सगळ्यांदेखत विचारलं आणि त्याच्या तोंडून बावीस वर्षांच्या सवयीने तेच निघालं. रेंदेर खाली बघत नाही, साहेब. एस्पेरांसने त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि मग पायांकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिला जीपमध्ये घालून नेलं.

आणि बोस्त्यांवने तिला बघितलं होतं. नुसतं त्याच दिवशी नव्हे, दोन वर्षं रोज बघितलं होतं. सासू जेवून कलंडली किंवा मासेवालीशी जुंपली, की ही मागच्या दाराने बांधावर जायची. चप्पल बाजूला काढायची, पाय पाण्यात सोडायची आणि घंटा वाजेपर्यंत बसायची. कधी कोणी माणूस तिथे आला नाही. वाड्यातल्याच आनामारी म्हातारीच्या परसातल्या उंच माडावरून तो बांध तळहातासारखा दिसायचा. पण हे आता सांगायचं कसं?

गावाने तेवढ्यात खटला उभा केला, चालवला आणि निकालही देऊन टाकला. उचलली जीभ लावली टाळ्याला. रुमाल्दच्या दुकानात पहिल्या आठवड्यात घरासाठी खून झाला, दुसऱ्या आठवड्यात सोन्याच्या चार बांगड्यांसाठी झाला. मग पाववाल्याने कुठून तरी आणलं, की बांधावर कोणी यार यायचा, म्हातारीने दोघांना पकडलं. यार कोण, यावर तीन संध्याकाळी गेल्या. मडगावच्या एका वर्तमानपत्राने तर त्याला लाल शर्टही घातला. हत्यार कोणतं, हा कोसेसांवचा प्रांत. ती प्रत्यक्ष बघणारी ना! देवळाच्या पायरीवर बसून ती सांगायची की वाटणाच्या रगड्याचा दगडी गुंडाच असणार, सुनेचे दंड बघितलेत का तुम्ही? पोलिसांनी घरातला रगड्याचा गुंडा नेला, मुसळ नेलं, शेवटी इस्त्रीही नेली. कशावर काही सापडलं नाही, तर कोसेसांव म्हणाली, धुतलं असेल चांडाळणीने.

बोस्त्यांवचं जेवण सुटलं. कोयती चुकून एका पोयीचा चांगला अर्धा भाग उडवला, असं त्याच्या हातून पोरपणीही झालं नव्हतं. आता सांगावं तर आधी फौजदारांशी खोटं बोललो हे निघणार. बायका म्हणणार, हा मेला बावीस वर्षं आम्हालाही बघत होता, आणि एकतीस माडांतला एक उरायचा नाही. पण याहून वाईट भीती दुसरीच होती. 'रोज बघत होतो' म्हटलं की लाल शर्ट आपल्याच अंगावर येणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. गाव यार शोधतच होतं. आणि न सांगावं तर ती पोर फुकट जाते. पाद्रीकडे जाऊन त्याने गुडघे टेकले आणि आडून आडून विचारलं. पाद्री म्हणाले, माडावर दिसलेलं म्हणजे काय गुप्त ठेवायचा कबुलीजबाब नव्हे, बोस्त्यांव. पण पाद्रींचं काय जातं, त्यांना माड चढायचा नव्हता.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मातीलने, म्हणजे त्याच्या बायकोने, पेजेचं ताट त्याच्यासमोर आपटलं. "खायचं नसेल तर डुकराला घालते. त्याला तरी चव कळते. काय गिळून बसलायस तू?"

त्याने सांगितलं. मान खाली घालून, सगळं सांगितलं. मातीलने ताट बाजूला सारलं.

"रोज बघायचास तिला?"

"नजर जायची."

"आणि मला? रुमाल्दच्या मागच्या माडावरून आपलं परसू दिसत असेल की."

"दिसतं."

"मी काय करत असते?"

"डुकराशी बोलतेस. माझ्या आईला शिव्या देतेस. मग गूळ खातेस."

मातील लाल झाली. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला ठसका लागला. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बावीस वर्षं बघतोस आणि गुळाबद्दल कधी बोलला नाहीस. तू तिचा यार नाहीस रे बाबा, तेवढी अक्कल तुला नाही. शर्ट घाल. मीही येते."

चौकीत दोघं बाकावर बसले. बोस्त्यांवने फौजदारांना सांगून टाकलं की त्या दिवशी मी खोटं बोललो. बाई बांधावर होती, एकटी होती, दोन वर्षं रोज एकटीच असते. फौजदार तापले, आणि तापायलाच हवे होते. एकोणीस दिवस एक बाई कोठडीत आणि हा माणूस सूर काढत बसला. त्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. मग कागद ओढला आणि म्हणाले, आता सगळं क्रमाने सांग, काही गाळू नकोस.

बोस्त्यांव क्रमाने सांगू लागला. आनामारीच्या माडावर चढलो, हाळी दिली. बांधावर एस्पेरांस होती. पुल्केरीनची विहीर दिसत नाही, मध्ये तिच्याच माडाचा शेंडा येतो. पोय बांधली. नारळ पडल्याचा आवाज आला. घंटा वाजली. मग कोसेसांव कळशी घेऊन पायवाटेने आली, वाटेवरचा नारळ उचलून काखेत मारला, दोन पावलं पुढे गेली आणि किंचाळली. मग कळशी टाकून घरी पळाली.

फौजदारांची लेखणी थांबली. "कोणता नारळ?"

"नारळ, साहेब. पडलेला नारळ."

"कुठून पडलेला?"

"माडावरून," बोस्त्यांव म्हणाला. साहेब घाटावरचे, त्यांना एवढंही कळू नये याचं त्याला जरा वाईटच वाटलं.

"म्हातारीच्या विहिरीवरच्या माडावरून? आणि तो त्या बाईने घरी नेला?"

तेव्हा कुठे बोस्त्यांवच्या लक्षात आलं. माडाला डोळे असतात, हे गावात सगळ्यांत पक्कं त्यालाच ठाऊक. बावीस वर्षं त्याच विश्वासावर तो झाडाखालून फिरला होता. त्याने मातीलकडे बघितलं. ती छातीवर क्रूस काढत होती.

जीप थेट कोसेसांवच्या दारात. नारळ? ती म्हणाली, उचलला की. वाटेत पडलेला नारळ कोण टाकून जातं? प्रेत दिसायच्या आधीच काखेत घेतला होता, मग त्या गडबडीत परत कुठे ठेवणार? संध्याकाळी सुक्या सुंगटांचं हुमण केलं, तुमची ती कोलंबीची आमटी, साहेब. चांगला होता नारळ, दोन वेळा पुरला. वरच्या काथ्याची सोडणं न्हाणीच्या चुलीसाठी मागे टाकलीत. शिपायांनी तो ढीग उपसला. पाऊस नव्हताच, तळाशी एका सोडणाच्या तुकड्यावर काळा पडलेला डाग होता आणि त्यात चिकटलेले चार पांढरे केस. डॉक्टरांनी सोडण बघितलं, खोकेचं माप बघितलं आणि मान हलवली. अशी खोक दगडाने किंवा लोखंडाने होत नाही म्हणून आपण पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, असंही वर सांगितलं. ते तेव्हा कोणी वाचलं होतं देव जाणे.

गावाचा जीव भांड्यात पडला. कोणी कबूल केलं नाही, पण खरोखर पडला. आपल्यात खुनी नाही, म्हातारी तिच्या माडाच्या हाताने गेली, यात केवढी सुटका होती. रुमाल्दच्या दुकानात त्या संध्याकाळी आठही न्यायाधीश म्हणाले, आम्ही तर आधीपासून म्हणत होतो. माडाच्या डोळ्यांचा प्रश्न तेवढा उरला. एकाने सांगितलं, म्हाताऱ्या माडालाही मोतीबिंदू होतो, आणि ते सगळ्यांना पटलं. कोसेसांव चार दिवस देवळाच्या पायरीवर दिसली नाही. पाचव्या दिवशी दिसली, तेव्हा अंगाला ताप होता असं म्हणाली.

बोस्त्यांवचा निकाल मात्र अजून लागायचा होता. दुसऱ्या सकाळी तो माडाच्या बुंध्याशी उभा राहिला, पण त्याला हाळी देववेना. आनामारी म्हातारी परसात झापांच्या आडोशापाशी बादली घेऊन उभी, आणि तिच्यामागे वाड्यातल्या तीन बायका. त्याला वाटलं, संपलं. आता म्हणणार, कोयती ठेव आणि चालू लाग.

"का थांबलास?" आनामारीने विचारलं.

"तुम्ही म्हणाल तर... माड सोडतो."

"ऐक. तुला डोळे आहेत हे आम्हाला काय काल कळलं? तुझा बापही बघायचा, त्याचा बापही बघत असणार. आम्ही न्हायचो ते तू आंधळा म्हणून नव्हे. तू बोलत नाहीस म्हणून." मग बादली खाली ठेवून ती म्हणाली, "आणि जिथे बोलायला हवं तिथे बोललास. उशिरा बोललास, गाढवा, पण बोललास. चढ आता, सूर आंबेल."

मागच्या बायका तोंड फिरवून हसत होत्या. बोस्त्यांव चढला. शेंड्यात जाऊन बसला आणि तिथे, जिथे कोणाला दिसणार नाही, ढसाढसा रडला. रडून झाल्यावर पोय बांधली.

एस्पेरांस शनिवारी सुटली. माहेरी न जाता, आपल्या घरीही न जाता, ती आधी बोस्त्यांवच्या दारात आली. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. मातीलने पाट मांडला. बोस्त्यांवला कुठे बघावं ते कळेना.

"दोन वर्षं मी तिथे जायचे, कारण तिथे मला कोणी बघत नव्हतं," ती म्हणाली. "आणि कोठडीत एकोणीस दिवस एकच मागत होते, की देवा, कोणी तरी मला बघितलेलं असू दे."

"पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं," बोस्त्यांव म्हणाला. "चुकलो, बाय."

"चुकलासच," ती म्हणाली, आणि मातीलने पुढे केलेलं ताट हातात घेतलं.